भिवरेची शीव

तुमच्या हातातला तो नकाशा जरा इकडे करा. हां. ही निळी रेघ म्हणजे हा समोरचा ओढा, आणि तिला चिकटून चाललेली तुटक रेघ म्हणजे आमच्या खडकुंब्याची आणि खालच्या देवसरची शीव. वरवंडीच्या खिंडीपासून ती ओढ्याची संगत सोडत नाही. मग इथे, करंजाच्या झाडांपाशी, ती एकदम ओढ्याबाहेर पडते, आमच्या अंगाच्या चढावर येते, त्या झऱ्याच्या डोक्यावरून वळसा घालते आणि पुन्हा खाली ओढ्यात उतरते. झऱ्याला आम्ही उमाळा म्हणतो. ओढ्याच्या या काठाला असूनही उमाळा देवसरच्या हद्दीत आहे. तुमच्यासारखी अभ्यासाला येणारी मंडळी नेमके इथेच बोट ठेवतात आणि विचारतात, मोजणी करताना काही चूक झाली का?

चूक झालेली नाही. मोजणी पहिल्यांदा आली तेव्हा हे दगड इथेच होते. त्यांनी दगडावरून दगडावर साखळी नेली, एवढेच. दगड त्याच्या फार आधीचे, असे सांगतात. किती आधीचे ते भैरोबाला माहीत. मी त्या भैरोबाचा गुरव. वडील खडकुंब्याचे आणि आई देवसरची, त्यामुळे ही हकिकत मी दोन्ही गावांच्या तोंडून ऐकली आहे. दोन्हीकडे ती सारखी सांगत नाहीत. जिथे फरक आहे तिथे तसे सांगेन. बसा इथे सावलीला.

त्या काळी म्हणे लागोपाठ पाऊस हुकला होता. खडकुंबे उंचावर, सगळा कातळ. आमच्या विहिरी चांगल्या सालातसुद्धा होळीच्या आत तळ दाखवतात, तर तेव्हाचे काय विचारता. उमाळा मात्र कधी आटला नाही. करंगळीएवढी धार, पण बारा महिने. देवसरच्या पूर्वजांनी खडक फोडून ती मोकळी केली, खाली दगडी कुंड बांधले, म्हणून पाणी त्यांचे आणि भोवतालचा तुकडाही त्यांचा. बऱ्या दिवसांत हे कुणी बोलून दाखवत नव्हते. दोन्ही गावांच्या बायका तिथेच पाण्याला जात. तिथेच सोयरिकी ठरत.

पण त्या उन्हाळ्यात कुंड सकाळीच कोरडे पडू लागले. देवसरकरांनी उमाळ्याभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले आणि काठ्या घेऊन माणसे बसवली. आमच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन चढ चढू लागल्या. एक बाळंतीण, म्हणे, हट्टाने काट्यांतून आत शिरली. तिला मागे ढकलले, ती खडकावर पडली आणि तिथेच संपली. देवसरला सांगतात, तिचा पाय घसरला. त्या जागेला घागरखांड म्हणतात. तुमच्या नकाशात नाव आहे, शोधा.

त्यानंतर दोन्ही गावांनी काठ्या काढल्या. डोकी फुटली, गुरे हाकलून नेली. शेवटी परगण्याचे पंच वरवंडीला बसले. खडकुंब्याचे पाटील मानाजी होते. त्यांनी सांगितले, “ओढा हीच शीव. ओढ्याच्या अलीकडचे सगळे आमचे, उमाळासुद्धा.” देवसरकर म्हणाले, “दगड बघा.” पंच बघायला आले तर दगड नव्हते. ते कुणी उपटले? देवसर म्हणते, मानाजींनी. आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही.

साक्षी-पुराव्याने वाद मिटेना, तेव्हा पंचांनी शिवेची क्रिया सांगितली. क्रिया म्हणजे काय, तर दोन्ही गावांना मान्य असलेला एक माणूस अंघोळ करून, गळ्यात बेलाची माळ घालून, डोक्यावर माती घेऊन अनवाणी चालायचा. तो चालेल ती शीव. तो चालत असताना त्याला कुणी हात लावायचा नाही, राजानेसुद्धा नाही. चालून झाले की पुढच्या अमावस्येपर्यंत वाट बघायची. तेवढ्यात त्याच्या घरात मरण आले तर शपथ खोटी, आणि जमीन दुसऱ्या गावाची.

माणूस कोण, यावर मात्र वाद झाला नाही. दोन्ही गावांनी एकच नाव घेतले. सटवाजी.

सटवाजी खडकुंब्याचा कुणबी. जमीन थोडी, पण शब्दाचा पक्का. बाजारात त्याने सांगितलेला बैलाचा दात कुणी पुन्हा तपासून बघत नसे. देवसरकरांनी त्याला होकार दिला त्याला आणखी एक कारण होते. त्याची बायको भिवरा देवसरची लेक. तिचे वडील रायाजी तिथले जाणते म्हातारे. आपला जावई आपल्याच तोंडातले पाणी खोटे बोलून काढून घेणार नाही, असे त्यांना वाटले. सटवाजी आणि भिवरा यांना एकच मूल होते, जिऊ नावाची मुलगी. परकर नेसून नुकती घागरीसाठी हट्ट करू लागलेली, एवढी.

क्रियेच्या आदल्या दिवशी मानाजी पाटील सटवाजीच्या ओसरीवर येऊन बसले. गावातली आणखी माणसे अंगणात उभी राहिली.

पाटील म्हणाले, “सटवाजी, तू वढ्यानं चाल.”

“शीव वढ्यानं न्हाई, पाटील. तुमास्नी ठावं हाय.”

“ठावं हाय. समद्यास्नी ठावं हाय. तू खरा चाललास तर हे गाव पुढचं पीक बघणार न्हाई. सांग, कुणाचं घर आधी मोकळं करू?”

 तेव्हा अंगणातला एक म्हातारा पुढे झाला. घागरखांडीत गेलेल्या त्या बाळंतिणीचा तो सासरा. त्याच्या हातात तिचे मूल होते. ते रडतसुद्धा नव्हते. त्याने ते सटवाजीच्या पायाशी जमिनीवर ठेवले आणि तो बाजूला झाला. असे सांगतात की सटवाजीने त्यानंतरच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात तुळशीशेजारची माती उकरत होता. भिवरेने पाहिले.

“अवो, घरची माती कशाला? शिवेवरली घ्यायची असती.”

तो वर न बघता म्हणाला, “माती डोक्यावर धरून मला म्हणायचं हाय, ही माती खडकुंब्याची. घरची असली म्हंजी तेवढं तरी खोटं हुणार न्हाई.”

भिवरेला सगळे कळले. ती लहानपणापासून उमाळ्यावर वाढलेली. शीव कुठून जाते हे तिला कुणी सांगायला नको होते. ती म्हणाली, “माझ्या बापाच्या डोळ्यांत बघून म्हनशीला?”

“तुझा बाप काठी घेऊन उमाळ्यावर बसला हुता, भिवरा. ती बाई पडली तवा तिथंच हुता.”

 मातीची पाटी तिनेच त्याच्या डोक्यावर ठेवली, असे आमच्याकडे सांगतात. देवसरमध्ये हे सांगत नाहीत. ती आपली लेक, तिच्याकडे एवढाही दोष नको, असे त्यांना वाटत असेल.

सटवाजी चालला. ओढ्याच्या काठाने, दोन्ही तीरांवर माणसे उभी. करंजाच्या झाडांपाशी, जिथे खऱ्या शिवेने वर वळायला हवे, तिथे रायाजी उभे होते. ते म्हणाले, “जावईबापू, इथून कुणीकडं?” सटवाजी थांबला. मग दोन्ही हातांनी डोक्यावरची पाटी धरून मोठ्याने म्हणाला, “ही माती खडकुंब्याची हाय,” आणि ओढ्यानेच सरळ पुढे गेला. त्याच्या मागून आमची माणसे दगड रोवत गेली. रायाजींनी पायातल्या वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि देवसरकडे परत फिरले. क्रियेला आव्हान द्यायचे नसते.

त्या दिवसापासून कुंपण तेच राहिले, आत बसणारी माणसे बदलली. आता आमचे लोक काठ्या घेऊन बसू लागले आणि देवसरच्या बायका नदीच्या पात्रात झरे उकरून ओंजळीने पाणी भरू लागल्या. ती नदी इथून किती लांब आहे ते तुम्ही येताना पाहिले असेल. आमच्या गावाने देवाला नारळ फोडला. मानाजी पाटलांनी सटवाजीला पागोटे बांधले. ते त्याने घरी आणून खुंटीला अडकवले, डोक्याला लावले नाही.

अमावस्या अजून लांब होती, तेव्हा जिऊला ताप आला.

कुणी म्हणतात, शपथेने आला. पण त्या उन्हाळ्यात घरोघरी मुले जात होती. महिनाभर सगळ्या गावाने गाळाचे पाणी प्यायले होते. मला विचाराल तर मी कुठलेच एक सांगणार नाही. ताप आला एवढे खरे. जिऊ पाणी मागायची, आणि आता घरात पाणी होते, उमाळ्याचे, हवे तेवढे. भिवरा तिला ते चमच्याने पाजत राहिली. पोटात काही ठरत नव्हते. भर दुपारी, आई मांडी देऊन बसलेली असताना, जिऊ गेली.

भिवरेने तोंड उघडले, तोच सटवाजीने तिच्या तोंडावर हात ठेवला. त्याला स्वतःलाही कळले नसेल आपण काय करतो आहोत. आणि शेजारणीने दार लावून घेतले.

थोड्या वेळात पाटील आणि चार-दोन कर्ती माणसे मागच्या दाराने आत आली. पाटलांनी जिऊच्या कपाळाला हात लावला. ते राक्षस नव्हते. त्यांचे स्वतःचे एक मूल त्याच महिन्यात गेले होते. ते भिवरेसमोर जमिनीवर बसले आणि हात जोडून म्हणाले, “भिवराबाय, अमावस्येपतुर. तवर ही पोर जित्ती हाय. तुझी एकलीची न्हाई, समद्या गावाची पोर हाय ती.”

जिऊला गोठ्यात पुरले. बाहेर न्यायची सोय नव्हती. समोरच्या टेकाडावरून देवसरची माणसे या घरावर नजर ठेवून होती. क्रियेनंतर तशी नजर ठेवायचीच पद्धत. सटवाजीने गुरे बाहेर बांधली आणि स्वतः खड्डा काढला. आणि आईचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पाटलांनी माळावर ढोल वाजवायला सांगितले. सण नव्हता, लग्न नव्हते. तरी तिन्हीसांज होईपर्यंत ढोल वाजत होता. गावातल्या प्रत्येकाला माहीत होते तो कशासाठी वाजतो आहे. बायका आपापल्या चुलीपुढे बसल्या होत्या आणि कुणी कुणाकडे बघत नव्हते, असे माझी आजी सांगायची, जणू ती तिथे होती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले असतील ते तुम्हीच बघा. भिवरेने रोज केस विंचरायचे, कुंकू लावायचे, घागर घेऊन उमाळ्यावर जायचे, कारण ती दिसली नाही तर शंका आली असती. जाताना दोन शेजारणी दोन्ही बाजूंना. तोंडाने काही बोलायचे नाही, आणि विचारले तर हसायचे.

एके सकाळी कुंपणाच्या पलीकडे तिची आई उभी होती. मुलीचे तोंड बघायला म्हातारी एवढा चढ चढून आली होती. तिच्या पदराला काहीतरी बांधलेले होते.

ती काट्यांतून म्हणाली, “भिवरा, जिऊ कुठं हाय गं? लई दिसांत दिसली न्हाई. तिच्यासाठी गूळ आणलाय.”

भिवरेच्या शेजारणींनी तिचे दंड धरले. भिवरा म्हणाली, “खेळती हाय, आई. घरात खेळती हाय.”

म्हातारीने गूळ काट्यांतून आत सारला. घेताना भिवरेचा हात ओरबाडला गेला आणि रक्त आले. दोघींनी ते पाहिले. म्हातारी बराच वेळ हाताकडे बघत राहिली आणि मग काहीच न विचारता परत गेली. आईला कळल्याशिवाय राहते का? पण तिने देवसरमध्ये जाऊन कुणाला काही सांगितले नाही. क्रिया मोडली तर लेकीच्या संसाराचे काय होईल, हे तिला दिसत होते.

मात्र देवसरच्या राखणदारांना संशय आलाच. त्यांनी निरोप धाडला की पोर दाखवा. पंचांचा माणूस येणार म्हणून कळले. तेव्हा मानाजी पाटलांनी शेवटची गोष्ट केली. त्यांच्या भावाची एक मुलगी जिऊच्याच वयाची होती. तिला जिऊचा परकर नेसवला, जिऊसारखी वेणी घातली, आणि सटवाजीला सांगितले, “हिला खांद्यावर घे आन माळावरनं एक येरझार घाल. लांबून कुणाला कळत न्हाई.”

सटवाजीने तिला खांद्यावर घेतले. भिवरा दारात उभी होती. तिला आधी कुणी काही सांगितले नव्हते. तिने पाहिले, नवरा पाठमोरा चालला आहे आणि त्याच्या खांद्यावर तो परकर, ती वेणी. आणि ती पोर, तिला काय समजणार, खांद्यावर बसायला मिळाले म्हणून ती खुशीत पाय हलवत होती.

भिवरा घरात गेली. गोठ्यात जाऊन तिने हातांनी माती उकरली. वरची माती, खालपर्यंत नाही. ती पाटीत भरली. तीच पाटी, म्हणे. पाटी डोक्यावर ठेवून, वहाणा काढून ती पुढच्या दाराने बाहेर आली आणि ओढ्याकडे चालू लागली. ओढ्यात जिथे दोन्ही गावांची शीव वरवंडीच्या खिंडीतून खाली येते, तिथे पोचेपर्यंत तिने तोंडातून आवाज काढला नाही. तिथे उभी राहिली. आणि मग तिने हंबरडा फोडला.

इतके दिवस कोंडलेला तो आवाज. असे सांगतात की देवसरच्या गुरांनी दावी तोडली आणि वरवंडीच्या देवळातला पुजारी आरती थांबवून बाहेर आला. ते असेल नसेल. पण दोन्ही गावांनी ऐकले. भिवरा रडत होती आणि चालत होती, ओढ्याच्या काठाने, शीव जाते तिथून.

पाटलांची माणसे धावत आली. तिच्यापुढे आडवी झाली. ती थांबली नाही. त्यांच्यातल्या एकाने तिचा हात धरायला हात पुढे केला, तेवढ्यात तिच्या डोक्यावरची माती त्याला दिसली. शीव चालणाऱ्याला हात लावायचा नसतो. तो बाजूला सरला. मग एकेक करून सगळेच सरले. मानाजी पाटील स्वतः आले आणि करंजाच्या झाडांपाशी वाटेत उभे राहिले. म्हणाले, “भिवराबाय, गाव मरंल.”

तिने रडणे थांबवले आणि म्हणाली, “पाटील, माझी पोर मेली. ती मेली म्हणून मला वरडू द्या.”

एवढेच बोलली. मानाजी खाली बसले. तोंड हातांत घेऊन ते खाली बसले आणि ती त्यांच्या बाजूने गेली.

इथे ती वळली. सटवाजी जिथे वळला नव्हता, तिथून ती ओढ्याबाहेर पडून चढाला लागली. आता तिच्या मागे खडकुंब्याच्या बायका चालू लागल्या होत्या. त्या वर्षी कुणाचे मूल गेले होते, कुणाची सासू, कुणाचा नवरा, आणि पाण्याच्या धावपळीत कुणी धड रडलेसुद्धा नव्हते. ज्यांना घरात गप्प बसवले होते त्याही आल्या. सगळ्या रडत होत्या. ती बाळंतीण जिथे पडली त्या घागरखांडीवरून त्या गेल्या. खाली देवसरच्या बाजूला तिथल्या बायका गोळा झाल्या होत्या, आणि त्यांच्या पुढे भिवरेची आई.

उमाळ्यापाशी येऊन भिवरा थांबली. तिथे थोडी खालून गेली असती, तर पाणी खडकुंब्याला राहिले असते. पाहणाऱ्यांत असा एकही माणूस नव्हता ज्याला हे समजत नव्हते.  तिने कुंडाकडे पाहिले, आणि ती वरून गेली. उमाळ्याच्या डोक्यावरून, खऱ्या शिवेने, पाणी देवसरला सोडून. तेव्हा खडकुंब्याच्या माणसांतून एक हुंकार आला, जनावराला सुरी लागल्यावर येतो तसा. आणि ती खाली ओढ्यात उतरली. ओढ्यात तिने पाटी उतरवली आणि ती माती कोरड्या पात्रात पसरली. मग ती तिथेच पडली.

मागे वळून लोकांनी पाहिले तर सटवाजी ती पोर खांद्यावरून उतरवून येत होता. ओढ्याच्या काठाने त्याच्या नावाने रोवलेले दगड तो उपटत होता आणि छातीशी धरून, एकेक करत, भिवरेच्या पावलांवर नेऊन ठेवत होता. कुणी त्याला मदत केली नाही. दिवस मावळेपर्यंत तो ते करत राहिला. हे जे दगड तुम्ही मोजत आलात, ते त्याने ठेवलेले.

पंचांनी निवाडा बदलला. उमाळा देवसरचा झाला. कुंपणाचे काय झाले ते पुरुषांनी ठरवले नाही. देवसरच्या बायकांनी दुसऱ्या दिवशी ते काटे ओढून काढले आणि जाळले. त्यांनी तेवढे दिवस नदीच्या वाळूत हात घातले होते. रायाजी कुंडापाशी येऊन उभे राहिले. काही दिवस कुंडावर आधी एक गाव पाणी भरे, मग दुसरे. पाणी दोघांनाही पुरले नाही. खडकुंब्यातली निम्मी घरे त्या उन्हाळ्यात उठून गेली. मानाजी पाटलांचे घरही गेले, ते कुठे गेले ते कुणाला माहीत नाही. जी राहिली त्यांतली सगळी जगली नाहीत.

सटवाजीला आणि भिवरेला गावाने पुन्हा घरात घेतले नाही. असे म्हणायला मला बरे वाटत नाही, पण तसेच झाले. एकाने खोटी शपथ घेतली होती आणि दुसरीने गावाचे पाणी घालवले होते. चुलीला कुणी विस्तवसुद्धा देईना, तेव्हा ती दोघे शिवेवर खोप घालून राहिली. त्यांना दुसरे मूल झाले नाही. सटवाजी लवकर गेला. भिवरेने म्हणे त्या दिवसानंतर मोठा आवाज काढलाच नाही, घसा कायमचा बसला होता. ती म्हातारी होऊन गेली. तिच्या मरणावर रडायला खडकुंब्यातले कुणी आधी आले नाही. देवसरच्या बायका आल्या, उमाळ्याच्या घागरी घेऊन. त्यांनी तिला अंघोळ घातली. मग आमच्या बायका गेल्या.

तिथून ती रीत पडली. आजही खडकुंब्यात माणूस गेले की घराचे दार लावत नाहीत. मयताला ढोल-ताशा काही वाजत नाही. आधी घरातले कुणीतरी शिवेवर जाते आणि मोठ्याने रडते, आणि खालून देवसरच्या बायका हातातले काम टाकून उमाळ्याची घागर भरतात. मेलेल्याची पहिली अंघोळ त्या पाण्याने होते. देवसरमध्ये कुणी गेले तर इथून आमच्या बायका उतरतात. मधल्या काळात दोन्ही गावांत निवडणुकीवरून हाडवैर झाले होते, तेव्हासुद्धा हे चुकले नाही.

गेल्या माघात आमची मंडळी वारली. मुले पुण्याला, घरात मी एकटा. मी शिवेवर गेलो, त्या तिथे, वरच्या दगडापाशी. तोंड उघडले पण आवाज फुटेना. नुसता उभा होतो. मयताच्या घरचा म्हणून डोक्याला टोपी नव्हती, तेवढे त्यांना खालून दिसले असेल. मी डोळे पुसून पाहिले, तोवर देवसरच्या बायका घागरी घेऊन निम्मा चढ चढून आल्या होत्या.